खुडबुड्याला पाव दिलास तर

३ ऑक्टोबर

पुस्तक आलं. लेखकाच्या बारा प्रती जेवणाच्या टेबलावर रचून ठेवल्या आणि ओट्याशी उभ्यानेच जेवलो. टेबलावर आता दोघांची जागा लागत नाही, पुस्तकांनी घेतली तर बिघडलं काय.

पार्सलवाल्याने विचारलं, "शाळेची पुस्तकं का?"

"गोष्टीची. पण वाचणारा स्वतःच गोष्टीतला प्रवासी. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी विचारलेलं असतं, डावीकडे जाणार की उजवीकडे? डावीकडे तर चाळीस क्रमांकाचा टप्पा उघड, उजवीकडे तर दोनशे दहा. आपली वाट आपण निवडायची."

"आणि चुकीची निवडली तर?"

"मरायचं. मग पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरू."

"बरंय की," तो म्हणाला, "इथे तसं असतं तर!" आणि सही घेऊन गेला.

'खुडबुड्यांचा डोंगर'. टप्पे तीनशे वीस, चित्रं चाळीस. आतल्या पानावर नेहमीच्या दोन ओळी: लेखन आणि चित्रं – मास्तर. टप्प्यांची मांडणी – मास्तरीणबाई. मी शाळेत चित्रकला शिकवायचो म्हणून पहिल्या पुस्तकाच्या वेळी ही नावं गंमत म्हणून घेतली होती, ती सातव्यापर्यंत टिकली. आठवं होणार नाही. ही गेल्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल.

तेव्हा प्रकाशकाला केवढी घाई! म्हणून मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून प्रूफं तपासली, आणि पुस्तक यायला मात्र दहा महिने. या धंद्याचं काही खरं नाही.

ही वही धाकटीने, म्हणजे माझ्या मेव्हणीने आणून दिली. "भाऊजी, माणसांशी बोलायचं नसेल तर निदान कागदाशी बोला." तिचं शिवणाचं दुकान आहे, दिवसभर लोकांची मापं घेते, तशी अधूनमधून माझंही घेते.

६ ऑक्टोबर

कात्री सापडत नाही. पेनाचं टोपण सापडत नाही. घरात एकच माणूस, आणि वस्तू जातात कुठे?

खुडबुडे असेच जन्मले. लग्नाच्या पहिल्या वर्षी माझा चष्मा हरवला की ही म्हणायची, "खुडबुड्यांनी नेला." बहुतेक वेळा तो माझ्या डोक्यावरच असायचा. मग म्हणायची, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." पुढे चाळीस वर्षं त्यांच्यावर हवं ते खपलं. डोंगरावर राहतात, गुडघ्याएवढे असतात, कान शेळीसारखे लोंबते. सोनं, तलवार असलं काही नेत नाहीत. नेतात बाटलीचं बूच, बुटाची नाडी, कोटाचं मधलं बटण. वाटेवरच्या खुणेच्या दगडांची तोंडं फिरवून ठेवतात आणि कपारीत बसून हसतात. पुस्तकात घ्यायचं ठरलं तेव्हा हिने एक अट घातली: त्यांना मारण्याची सोय ठेवायची नाही. "खोड्या काढतात म्हणून काय जीव घ्यायचा, मास्तर?"

कामाची आमची पद्धत अशी. मी गोष्ट सलग लिहायची. ही प्रत्येक टप्पा एकेका कार्डावर उतरवायची, मग कार्डं पत्त्यांसारखी पिसायची, कारण टप्पे ओळीने छापले तर शेजारच्या पानावरच पुढचं दिसेल. पिसून झालं की नवे क्रमांक, आणि कुठून कुठे जायचं त्याची यादी. हे सगळं ही एकटी करायची. माझं डोकं त्यात चालत नाही. या खेपेला मध्येच एकदा थोडी फेरमांडणी करायचं म्हणत होती. पण तब्येत तेव्हा इतकी उतरली होती, केली नसावी.

वाद एकाच गोष्टीवर व्हायचा. माझा नियम असा की प्रत्येक टप्प्याला निदान दोन वाटा हव्यात. एकच वाट असेल तर वाचणाऱ्याने निवडलं काय? ही म्हणायची, "कधी कधी माणूस दमलेला असतो हो. त्याला विचारू नये, नुसतं न्यावं." सातही पुस्तकांत माझंच चाललं.

यात एक टप्पा हिचा आहे. २४१ की १७९, असाच काहीतरी, खुडबुड्या दोर घेऊन प्रवाशाला वाचवतो तो. हॉस्पिटलात पडल्या पडल्या लिहिला आणि म्हणाली, "वाचा." मी म्हटलं, "छापून आला की वाचतो." आता छापून आलाय. वाचेन सवडीने.

२१ ऑक्टोबर

पहिलं पत्र आलं. वहीचा कागद, रेघ मारून समास सोडलेला.

"मास्तर आणि मास्तरीणबाई यांस, मी पाचवीत आहे. तुमच्या पुस्तकात मी चौदा वेळा मेले. पाच वेळा माझी चूक होती. नऊ वेळा तुमची आहे. टप्पा १३३ मध्ये खिंडीत खुडबुड्या बसलेला असतो. त्याचं पोट खपाटीला गेलंय आणि तो काही मागत नाही. माझ्याकडे अर्धा पाव असतो. पाव दिला तर १७९ उघडा असं लिहिलंय. १७९ मध्ये पायाखालचा दगड सरकतो आणि मी दरीत पडते. पाव न देता गेलं तर मात्र शिखरापर्यंत पोहोचता येतं. आई म्हणते, मग देऊ नकोस. पण तो भुकेला आहे असं तुम्हीच लिहिलंय. म्हणून मी दर वेळी देते. हे बरोबर आहे का ते कळवावे."

मी प्रत उघडून पाहिली. खरं आहे. १३३ वरून १७९, आणि १७९ म्हणजे दरी. जो पाव देईल तो मरेल. आमच्या पुस्तकात! हिच्या पुस्तकात!

चाळीस वर्षांत आकड्यात कधी चुकली नव्हती ती नेमकी शेवटच्या पुस्तकात चुकली. आजारपणात करत होती, दोष कसा द्यायचा? प्रूफं मीच पाहिली, पण मला तर एकच चूक सापडली होती आणि ती मी दुरुस्तही केली. कोणती होती ते आता आठवत नाही.

हिचा कार्डांचा खोका पलंगाखाली आहे. खोका काढला, पुसला, परत आत सरकवला. त्यात हिच्या हातची चूक बघण्याची माझी तयारी नाही.

२४ ऑक्टोबर

प्रकाशकाचा फोन. त्यालाही तीन-चार पत्रं गेली आहेत. आवाज शांत. हा माणूस छापखान्याला आग लागली तरी आधी चहा संपवेल.

"मास्तर, काही आभाळ कोसळलं नाही. पुस्तक पूर्ण होतं ना? पाव न देता होतं. पण दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवू. गोदामात अकराशे प्रती आहेत. मजकूर असा, 'टप्प्यांच्या मांडणीत झालेल्या चुकीमुळे' वगैरे."

"मांडणी म्हणजे हिचं नाव येतं."

"नाव कुठे घालतोय आपण?"

"आतल्या पानावर आहे की."

तो म्हणाला, "हवी तर जुनी प्रूफं काढून ठेवतो. नेमकं कुठे चुकलं ते कळेल. आम्ही दोन वर्षं ठेवतो."

मी म्हटलं, काही गरज नाही. फोन ठेवल्यावर वाटलं, इतक्या तडकाफडकी का म्हटलं?

२ नोव्हेंबर

पाचवीचं दुसरं पत्र. मी पहिल्याला उत्तर दिलं नव्हतं, तरी राग दिसत नाही.

"मी सगळे टप्पे एकापासून तीनशे वीसपर्यंत ओळीने वाचले. असं करायचं नसतं हे मला माहीत आहे, पण मी तपास करत होते. प्रत्येक टप्प्याकडे कुठून येता येतं त्याचा तक्ता केला. २४१ कडे कुठूनच येता येत नाही. तिथे तोच खुडबुड्या दोर धरून बसलाय. म्हणजे मी पाव दिल्यावर तिथे जायला हवं होतं. तो वाट बघतोय आणि कोणीच येत नाही. अकराशे पुस्तकं असतील तर अकराशे ठिकाणी बसलाय. लवकर काहीतरी करा."

अकराशे हा आकडा तिला कसा सुचला कोण जाणे.

२४१ तर २४१. पान उघडलं. चित्र माझंच आहे, कपार, दोर, लोंबते कान. मजकुरावर हात ठेवून चित्र पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

३ नोव्हेंबर

काही लिहिण्यासारखं नाही. कात्री फ्रीजवर सापडली.

९ नोव्हेंबर

प्रकाशकाला कळवलं, तुमचा मजकूर चालेल. ही असती तर हिनेच म्हटलं असतं, "चूक माझी, लिहा तसं." माणसाने खरं लिहावं. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?

संध्याकाळी धाकटी आली. चहा टाकला आणि सहज सांगायचं म्हणून सांगितलं. तिने कप खाली ठेवला.

"ताई आकड्यात चुकली?"

"आजारी होती गं."

"आजारी होती, पण माझ्या दुकानातली मापं तोंडपाठ सांगायची पडल्या पडल्या. शेवटच्या आठवड्यात. भाऊजी, तुम्ही खोका उघडून बघितलात?"

"नाही."

"का?"

"तिची चूक उकरून काढायला?"

"चूक तिची आहे हे बघितल्याशिवाय कसं कळलं तुम्हाला?"

ती उठून आतल्या खोलीकडे निघाली. मी दारात आडवा आलो, अक्षरशः. सत्तरीला टेकलेला माणूस दाराच्या चौकटीत हात पसरून उभा. ती तिथूनच मागे वळली. मग म्हणाली, "चोराच्या मनात चांदणं," आणि चपला घालून गेली. चहा तसाच राहिला.

चोर कोण? मी? काय चोरलं मी?

१४ नोव्हेंबर

गारठा वाढलाय. चिठ्ठीचा मजकूर छापायच्या आधी नजरेखालून घालायला प्रकाशकाकडे जायचं होतं, म्हणून दारामागचा जाड कोट काढला. मागच्या नोव्हेंबरनंतर घातला नव्हता. मधलं बटण नाही.

जिना उतरताना खिशात हात घातला. लाल पेन्सिल, हॉस्पिटलच्या कँटीनचं कुपन, आणि चार घड्या घातलेला कागद. हिच्या अक्षरातली यादी. वर लिहिलंय, "पहिली मांडणी". १७९ पुढे "दोर". १८० पुढे "शिखर, शेवट". २४१ पुढे "दरी".

मी जिन्यातच बसलो. खालच्या मजल्यावरची बाई म्हणाली, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, वाटतंय.

परत वर आलो आणि खोका उघडला. सगळ्यात वर दुसरी यादी होती: "दुसरी मांडणी. १७९ आणि २४१ची अदलाबदल, कारण दोर वाचताना शेजारीच शेवट दिसतो. मास्तरांना सांगितलं. (ऐकलं की नाही कोण जाणे.)"

नव्हतं ऐकलं. आता मात्र लख्ख आठवतंय. ही बोलत होती, मी खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची बघत "हो, हो" म्हणत होतो. त्या दिवसांत मी हिच्याकडे कमीच बघायचो. बघवत नव्हतं.

मांडणी बरोबर होती. एक आकडा इकडचा तिकडे नाही. मी खिशातल्या जुन्या यादीवरून प्रूफं तपासली आणि बरोबर होतं ते चुकीचं केलं. काखेत कळसा.

१५ नोव्हेंबर

प्रकाशकाकडे गेलो. प्रूफं काढून ठेवायला नको म्हटलं होतं तरी त्याने ठेवली होती. त्याच्या टेबलापलीकडे बसून १३३ काढला. छापलेलं २४१, त्यावर माझी लाल काट, शेजारी ठसठशीत १७९. मास्तरकीचं अक्षर.

त्यानंतरची पानं उलटली. कोरी. एक खूण नाही, एक रेघ नाही. पुढे निदान सहा ठिकाणी "दरी" म्हणून १७९ येतो. एक जरी पाहिला असता तरी खटकलं असतं.

"याच्यापुढे तपासलंच नाहीत का?" प्रकाशकाने विचारलं.

"१३३ वर असताना नर्स बोलवायला आली."

मला राग आला, कोणावर तरी काढायला हवा होता. "तुम्हाला घाई होती. नाहीतर मी त्या दिवशी कशाला घेऊन बसलो असतो?"

त्याने चष्मा काढला. "मास्तर, मी फोन करून म्हटलं होतं, प्रूफं राहू द्या, पुस्तक सहा महिने पुढे ढकलू. तुम्ही म्हणालात, नको, पाठवाच. काम असलं की बरं असतं."

असं म्हणालो असेन. म्हणालोच असेन. वर्षभर मी सगळ्यांना त्याच्या घाईबद्दल सांगत आलो, आणि या वहीच्या पहिल्या पानावरही तेच लिहिलंय. ते खोडत नाही. राहू दे.

चिठ्ठीचा मजकूर मी बदलून दिला. "टप्पा १३३: खुडबुड्याला पाव दिलास तर टप्पा २४१ उघड. आधी छापलेला क्रमांक चुकीचा आहे. मांडणी बरोबर होती. चूक मास्तरांची."

प्रकाशक म्हणाला, "शेवटच्या दोन वाक्यांची गरज नाही हो." मी म्हटलं, त्या दोन वाक्यांसाठीच चिठ्ठी आहे.

२१ नोव्हेंबर

आज वर्ष झालं.

चिठ्ठ्या चिकटवायचा दिवस धाकटीने निवडला की प्रकाशकाच्या सोयीने आला, मी विचारलं नाही. सकाळी ती दुकान बंद ठेवून गोदामात हजर. मी तिला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. तिने "हं" एवढंच म्हटलं होतं. लांब टेबल, वर एक ट्यूबलाइट, खळीची बरणी, दोन ब्रश. मी १३३चं पान उघडून द्यायचं, तिने चिठ्ठी लावायची. तिचा हात शिवणाचा, एक चिठ्ठी वाकडी गेली नाही. बाजूला हमाल गठ्ठे सोडत होता, तोही गेला जेवायला.

दोनशेच्या आसपास झाल्या असतील, तेव्हा मी विचारलं. वर्षभर विचारलं नव्हतं.

"त्या दिवशी तिने माझ्याबद्दल विचारलं होतं का?"

धाकटीचा ब्रश थांबला नाही. "दोनदा."

"तू काय सांगितलंस?"

"पहिल्यांदा सांगितलं, बाहेर प्रूफं तपासतायत. हसली. म्हणाली, तपासू देत. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी तुम्हाला बोलवायला बाहेर आले."

"नर्स आली होती."

"नर्स नंतर. आधी मी आले, भाऊजी. दारात उभी राहून हाक मारली. तुम्ही मान वर केली नाहीत. नुसता हात केलात, असा." तिने खळीने भरलेला हात वर धरला, एक बोट उभं. एक मिनिट.

हे मला आठवत नाही. पण तो हात माझाच आहे. शाळेत तीस वर्षं मुलांना मी तस्साच थांबवायचो.

"मी आत गेले," ती म्हणाली, "आणि तिला म्हटलं, येतायत. मी खोटं नाही बोलले. येतच होतात ना तुम्ही?"

मी तिथेच, त्या खळीच्या वासात, मोठ्याने रडलो. वर्षात पहिल्यांदा. हॉस्पिटलात रडलो नाही, घरी नाही. लोक म्हणाले, मास्तर खंबीर आहेत. खंबीर कसला! मी घाबरलो होतो. हिला जाताना बघायला घाबरलो आणि आकड्यांमागे जाऊन लपलो, तेही मला न येणाऱ्या आकड्यांमागे.

धाकटीने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, समजूत घातली नाही. खळ वाळते म्हणून काम चालू ठेवलं. थोड्या वेळाने म्हणाली, "पान उघडा." मी उघडलं. संध्याकाळपर्यंत चारशे झाल्या.

निघताना तिने माझा कोट काढून घेतला. "बटण लावून देते. असा किती दिवस फिरणार?"

२४ नोव्हेंबर

सगळ्या अकराशे झाल्या. बोटं एकमेकांना चिकटतात.

३० नोव्हेंबर

पाचवीला उत्तर लिहिलं. पाच मसुदे फाडले. मोठ्या माणसांना काहीही लिहिता येतं, तिला लिहायला बसलं की खोटा शब्द लगेच दिसतो.

"तुझा तपास बरोबर आहे. पाव दिल्यावर २४१. मास्तरीणबाईंनी तसंच मांडलं होतं. मी नीट ऐकलं नाही, जुनी यादी घेऊन बसलो आणि बरोबर आकडा खोडला. तुझे नऊ मृत्यू माझ्या खात्यावर. मास्तरीणबाई आता नाहीत, नाहीतर तुझा तक्ता पाहून तुला कामाला ठेवलं असतं. दर वेळी पाव देत राहिलीस, ते बरोबर होतं का असं तू विचारलं होतंस. होतं. सोबत चिठ्ठी आहे, चिकटव."

११ डिसेंबर

तिचं उत्तर आलं.

"चिठ्ठी चिकटवली. पंधराव्या वेळी पोहोचले. चूक कबूल केल्याबद्दल आभार, आमच्या वर्गात कोणी करत नाही. २४१ मी आधी तपासासाठी वाचला होता, तेव्हा विशेष वाटला नव्हता. पण पाव देऊन, पडून, पुन्हा चढून तिथे गेल्यावर वेगळा वाटतो. तुम्ही गेलात का? ओळीने वाचून नाही. खेळून."

नाही गेलो. सात पुस्तकं केली, एकही खेळलो नाही. आपली गोष्ट आपल्याला माहीत असते, असं म्हणायचो.

दुपारी टेबलावरची पुस्तकं खाली ठेवली, एक प्रत घेतली, फासे शोधले; काही टप्प्यांवर पुढे काय होणार ते फाशांवर ठरतं. फासे हिच्या शिवणाच्या डब्यात निघाले. कागदावर प्रवाशाची पिशवी, म्हणजे त्याचं सामान लिहिलं: अर्धा पाव, बाटली, नाड्या, चष्म्याचं घर, काडेपेटी, कोटाचं बटण. टप्पा एक.

ओढा ओलांडताना एकदा मेलो. फिरवलेल्या दगडावर विश्वास ठेवला म्हणून दुसऱ्यांदा मेलो. तो दगड मीच लिहिला होता, तरी फसलो. तिसऱ्या खेपेला कपारीजवळ फासे टाकले, चार पडले. खुडबुड्याने बटण नेलं. मी कागदावरचं बटण खोडलं. उन्हं टेबलावरून ओट्यावर गेली होती तेव्हा १३३ आला. खिंड, खपाटीला गेलेलं पोट, तो काही मागत नाही.

पाव दिला. खोडला. धाकटीने लावलेली चिठ्ठी वाचली, माझी चूक वाचली, आणि २४१ उघडला. या वेळी मजकुरावर हात ठेवला नाही. इथे उतरवून घेतो, सगळा.

"कपारीत खुडबुड्या बसला आहे. दोराचं एक टोक त्याच्या कमरेला आहे, दुसरं तुझ्यासाठी सोडलेलं. तुझ्या पिशवीतून गेलेली वस्तू त्याने मांडीवर ठेवली आहे, पुसून. अर्ध्या पावातला अर्धा त्याने खाल्लेला नाही. बराच वेळ बसला असावा. तू काही सांगायला तोंड उघडतोस. तो मान हलवतो. म्हणतो, 'कुठे होतास ते राहू दे. आलास ना? धर दोर.' टप्पा ३०६ उघड."

खाली काही नाही. मी पान हलवून पाहिलं, मागे पाहिलं. दोर धरायचा नसेल तर कुठे जायचं, ते लिहिलेलंच नाही. तीनशे वीस टप्प्यांत हा एकच असा आहे, आणि न वाचता मी तो छापायला दिला, म्हणून राहिला. वाचला असता तर नियमावर बोट ठेवून दुसरी वाट घालायला लावली असती.

कागदावर पिशवीत पुन्हा बटण लिहिलं. मग ३०६ उघडला.